बोरीला गेरू

तमाम मराठी बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कतार देशाच्या उत्तर भागात, मदिनत अश शमालच्या अलीकडे असलेल्या एका बंद पडलेल्या शेतावर झाडू मारणे, वाळकी पाने गोळा करणे, पडलेल्या फांद्या उचलणे, तसेच झाडांच्या बुंध्यांना गेरू अथवा चुना फासणे यांस सक्त मनाई आहे. ही मनाई सणासुदीलाही लागू राहील. किंबहुना सणासुदीला जास्तच लागू राहील. शेतावर फिरताना हात पाठीमागे बांधून ठेवावेत.

ही सूचना मी माझ्या मनानं काढलेली नाही. ती त्या शेताच्या फाटकावर खरोखर टांगलेली आहे, फक्त एवढ्या भारदस्त भाषेत नाही. पाटीवर दोनच शब्द आहेत, 'नो क्लीनिंग'. जगातल्या यच्चयावत फाटकांवर 'कचरा टाकू नका' असं लिहिलेलं असतं. 'साफसफाई करू नका' असं लिहिलेलं फाटक मी तरी एवढं एकच पाहिलं, आणि ते आमच्यामुळे.

सुरुवात बोरांनी केली.

आम्ही दोह्यातल्या अल गराफा भागात राहतो. नवरा गॅसच्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि मी, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, बोलण्याचं काम करते. हिवाळा सरत आला होता. सूक वाकिफ या तिथल्या जुन्या बाजारात मसाल्याच्या दुकानात धणे घ्यायला गेले होते, तर पोत्यांच्या मागे एक टोपली दिसली. टोपलीत बोरं! पिवळी, लाल, सुरकुतलेली, अस्सल बोरं! मी नाशिककडची. शाळेच्या दारात बसणाऱ्या बोरवालीवर माझं बालपण पोसलेलं. मी "बोरं!" अशी किंचाळले की दुकानदाराच्या हातातला तराजू हलला. दुसऱ्या क्षणी माझ्या तोंडात तीन बोरं होती.

"ती विकायची नाहीत," शेजारून कुणीतरी इंग्रजीत म्हणालं.

काळा अबाया, पायात धावायचे बूट, नाकावर घसरलेला चष्मा. बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांच्या वडिलांचे आणि दुकानदाराचे जुने स्नेहसंबंध, म्हणून ती टोपली त्यांनी घरून भेट आणली होती, आणि मी त्या भेटीला भर दुकानात तोंड लावलं होतं. बी थुंकावी की गिळावी या पेचात मी तशीच उभी. मग तोंडातल्या बियांसकट मी त्यांना शाळा, बोरवाली, मीठ-तिखट, वर्गातल्या बाईंनी पकडणं आणि ओंजळ उघडायला लावणं असा सगळा प्रयोग अभिनयासह करून दाखवला. त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्ही याला कनार म्हणतो. आमच्या शेतावरचं शेवटचं झाड आहे. शुक्रवारी या, आणखी खा. पण काम करावं लागेल. आम्हाला हात हवेत."

'हात हवेत.' हे वाक्य लक्षात ठेवा. त्यांना पुढे ते फार महागात पडलं.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. आम्ही त्यांना आपसात मास्तरीणबाई म्हणू लागलो. पुढच्या शुक्रवारी नवऱ्याला आणि आमच्या मराठी मंडळींपैकी दोन-तीन कुटुंबांना घेऊन मी तासाभराचा रस्ता तोडून तिथं पोचले, आणि गाडीतून उतरताच माझा चेहरा पडला. शेत म्हणावं असं तिथं काही उरलंच नव्हतं. बुजत आलेली विहीर. गंजलेला पंप. शेंडे झडून नुसते खांब उरलेले खजूर. जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा. मधोमध मात्र थाळीसारखी उथळ, खोलगट जागा होती. आजूबाजूचं पावसाचं पाणी तिथं येऊन जिरतं, म्हणून माती जरा बरी. अशा जागेला इथं रौदा म्हणतात. त्या रौद्यात ते एकुलतं एक म्हातारं बोरीचं झाड, आणि झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्याच वयाचे वाटणारे मास्तरीणबाईंचे वडील. मांडीवर काठी, पायाशी कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास.

आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. त्यांचे वडील व्यापारासाठी मुंबईला जाऊन-येऊन असत, त्यामुळे बाबांना हिंदी येत होतं. ते हिंदी व्याकरणाच्या बाबतीत अगदी निर्धास्त होतं.

"मैं छोटा," बाबा सांगू लागले, "इधर झाड़, उधर झाड़, हर झाड़ का नीचे खरगोश. सुबह मैं आता, खरगोश भागता, मैं पीछे भागता."

"मग? पकडला कधी?"

"कभी नहीं!" आणि दंतहीन हसू.

मग विहीर खोदली गेली, पंप आला. टोमॅटो, काकडी, कलिंगड. झुडपं तोडून जमीन सपाट केली. काही वर्षं छान पिकलं. उपसून उपसून विहिरीचं पाणी खारट झालं, पानं करपू लागली, आणि एक दिवस बाबांनी पंपच बंद केला. ससे त्याआधीच कधीतरी निघून गेले होते. ते गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

बाबांची खरी बोच वेगळी होती. नातवंडांना ते ही सशांची गोष्ट सांगत. नातवंडं इंग्रजी शाळेत जाणारी. ती ऐकून घेत आणि म्हणत, "नाइस स्टोरी, ग्रँडपा." नाइस स्टोरी! बाबांना आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं होतं आणि पोरं त्यांना परीकथेचे गुण देत होती. हे दुःख मला ठाऊक आहे. माझी मुलगीसुद्धा मी काही सांगायला लागले की मान तिरकी करून विचारते, "आई, इज धिस द रिअल व्हर्जन?"

त्यातून बाबांच्या मोठ्या मुलाकडे एक माणूस आला होता. त्याला हिवाळी तंबूंसाठी ती जागा भाड्यानं हवी होती. एसी लावलेले तंबू, रंगीत दिव्यांच्या माळा, कॉफीचं मशीन, वाळूत उडवायच्या मोटारी. मुलगा वाईट नव्हता. पडीक जमिनीचं काहीतरी व्हावं, एवढंच त्याला वाटत होतं. जेवताना बापलेकांत ठरलं की दोन हिवाळे जमीन बहिणीच्या ताब्यात राहील. तिला तिथं जे पूर्वी होतं ते परत आणायचंय ना, आणू दे. दुसरा हिवाळा संपेपर्यंत एक ससा, फक्त एक, आपल्या पायांनी चालत आला तर जमीन कायमची रानाला. नाहीतर तंबू. मुलगा हसून म्हणाला होता, "एकच ना? ठरलं."

मी बोरांच्या निमित्तानं त्या गोष्टीत शिरले तेव्हा पहिला हिवाळा संपत आला होता.

मास्तरीणबाईंनी उंट आणि शेळ्या अडवायला कुंपण घातलं होतं. ते जमिनीपासून वीतभर वर ठेवलं होतं, उंटाला बंदी, सशाला मुभा. पावसाचं पाणी अडावं म्हणून चंद्रकोरीसारखे मातीचे छोटे बांध घातले होते. त्यांच्या पोटाशी रोपं होती. बोरी, आपल्या बाभळीची इथली काटेरी आतेबहीण, आणि शमी. हो, आपली दसऱ्याची शमी! इथं तिला गाफ म्हणतात. दसऱ्याच्या आठवड्यात आमच्या मंडळींनी त्या गुडघाभर शमीकडे ज्या नजरेनं पाहिलं, ते बघून बाईंनी तिच्याभोवती वेगळी जाळी बसवून घेतली.

आम्ही दर शुक्रवारी जायचो. टँकरचं पाणी रोपांच्या मुळाशी बेतानं घालायचं, शेळी घुसली असेल तर हुसकायची, आणि मग बाई म्हणायच्या, "आता काही करू नका."

तुम्ही पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांना कधी 'काही करू नका' असं सांगून पाहिलंय? ते अस्वस्थ होतात. माझा नवरा कुंपणाखालची ती मोकळी वीत बुजवण्याचा प्रस्ताव घेऊन तीनदा बाईंकडे गेला. आणि शेतभर जागोजाग वाळक्या फांद्या, खजुराच्या झावळ्या, पाचोळा यांचे ढीग पडलेले असत. ते तिथं का आहेत, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. आम्हाला वाटलं, उचलायचे राहिलेत.

दिवाळीच्या आधी सासूबाई आल्या.

सासूबाई साताऱ्याकडच्या. त्या जिथं जातात तिथं आधी कोपरे बघतात. त्याच सुमारास मास्तरीणबाई कुठल्याशा परिषदेसाठी परदेशी गेल्या होत्या आणि बाबा गुडघ्याच्या उपचारासाठी दोह्यात अडकले होते. फाटकाची किल्ली आमच्याकडे होती, आणि निरोप एवढाच की रोपांना पाणी घाला. आम्ही म्हटलं, शुक्रवारी तिथंच फराळ करू. चिवडा, चकल्या, शंकरपाळ्यांचे डबे घेऊन चार गाड्या निघाल्या.

सासूबाई गाडीतून उतरल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळीकडे एक नजर फिरवली.

"आगं बया! ह्ये काय म्हनायचं?"

"आई, जंगल आहे. म्हणजे, होतंय."

"ह्ये जंगल? ह्यो उकिरडा हाय! चार दिसांवर दिवाळी आली, आन् म्हाताऱ्या मानसाचं रान आसं पडलंय? बघनारं कुनी न्हाई व्हय त्येला?"

"आई, त्यांनी ते मुद्दाम ठेवलं असेल."

"मुद्दाम कोन घान ठिवतंय? लाजंनं बोलत नसंल बिचारा."

झालं. 'लाजेनं बोलत नसतील' हे वाक्य मंडळींच्या मनात ठिणगीसारखं पडलं. खरंच की! किती सभ्य माणसं! आपण दर शुक्रवारी येतो, त्यांची बोरं खातो, कहवा पितो, आणि साधा पाचोळा उचलत नाही! कुणीतरी म्हणालं, "त्यांना सरप्राइज देऊ." त्यानंतर आम्हाला थांबवणं कतारच्या लष्करालाही जमलं नसतं.

खराटे नव्हते. सासूबाईंनी मेलेल्या खजुराच्या झावळ्या सोलून, हिर बांधून खराटे तयार केले आणि प्रत्येकीच्या हातात एकेक दिला. बायका ओळीनं झाडत निघाल्या. पुरुषांनी फांद्या ओढल्या. माझ्या नवऱ्याला अखेर काम मिळालं होतं. तो दोरी धरून प्रत्येक रोपाभोवती दगडांची गोल वर्तुळं लावत सुटला, आणि वर्तुळं एका रेषेत येत नाहीत म्हणून हळहळला. बांधकाम कंपनीत नोकरीला असलेल्या एका तरुणाच्या गाडीत पांढरा रंग निघाला. सासूबाईंच्या पिशवीत रांगोळीखाली सारवायला आणलेली गेरूची पुडी होती. आपल्याकडे रस्त्याकडेच्या वडा-पिंपळांना रंगवतात ना, तशी त्या म्हाताऱ्या बोरीच्या बुंध्याला खाली गेरू, वर पांढरा पट्टा! मेलेल्या खजुरांनाही वगळलं नाही. आम्ही भेदभाव करत नाही. बोरीपुढे मी स्वतः ठिपक्यांची रांगोळी घातली. ती वाऱ्यानं दोनदा पुसली आणि मी दोनदा काढली.

दुपारपर्यंत सगळा पसारा फाटकाशेजारी जमा झाला. डोक्याएवढा उंच, आठ-दहा पावलं लांब, काट्यांनी एकमेकांत गुंतलेला ढीग. तो उचलायला मी एका पिकअपवाल्याला फोन लावला.

"इन्शाल्ला मॅडम, बुकरा," तो म्हणाला. बुकरा म्हणजे उद्या.

निघताना मागं वळून पाहिलं आणि ऊर भरून आला. शेत कसं दिसत होतं, तर कलेक्टर भेटीला येणार असल्यासारखं. काडी दिसेल तर शपथ! आम्ही फोटो काढून मास्तरीणबाईंना पाठवले. दोन निळ्या खुणा झाल्या. उत्तर आलं नाही.

"भारावून गेल्या असतील," नवरा म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी बाई परतल्या. आम्ही फाटकाशी रांगेनं उभे, कौतुक झेलायच्या तयारीत. बाई आत आल्या. सगळं शेत फिरल्या. बोरीपुढे थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पट्टे होतेच.

"माझं जंगल कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी फाटकाजवळच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्या पाचोळ्याखाली ओल टिकते, म्हणाल्या. वाऱ्यानं उडालेलं बी त्या फांद्यांना अडकून तिथंच रुजतं. कोवळ्या कोंबांवर त्यांचीच सावली पडते. किडे तिथं राहतात, किड्यांसाठी पाखरं येतात. त्या बोलत असतानाच वारा सुटला, आणि आम्ही झाडून मोकळी केलेली माती आमच्या डोळ्यांदेखत उठून कुंपण ओलांडून सौदीच्या दिशेनं चालू लागली. निसर्गानं इतकं वेळेवर येऊ नये.

"आणि गेल्या महिन्यात," बाई हळूच म्हणाल्या, "एका ढिगाखाली मला लेंड्या दिसल्या होत्या. सशाच्या असाव्यात. खात्री नव्हती म्हणून कुणाला बोलले नाही."

तेवढ्यात काठीची ठकठक आली. बाबा आले होते. ते बोरीपुढे उभे राहिले. गेरू पाहिला, पांढरा पट्टा पाहिला, खाली उरलेली अर्धी रांगोळी पाहिली.

"झाड़ का शादी है?"

आणि हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत.

"काय म्हनत्यात?" सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

"झाडाचं लग्न आहे का, विचारतायत."

"मग सांग की, नवरी नटल्या, नवरा बी यील."

मी भाषांतर केलं. बाबांनी डोळे पुसले. "बड़ी बहन को बोलो, नवरा चार पैर का मंगता," ते म्हणाले. मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवून ते पूर्वी ढीग असलेल्या एकेका जागी गेले आणि काठीच्या टोकानं झाडलेली स्वच्छ माती उगाच उकरून पाहत राहिले.

शिक्षा लगेच सुनावण्यात आली. फाटकावर ती पाटी लागली. बाईंनी आपले विद्यार्थी आणले आणि शहरात छाटलेल्या झावळ्या आणून नवे छोटे ढीग रचले. मी फाटकाजवळचा मोठा ढीग दाखवून विचारलं, "हा पुन्हा पसरू का?"

"त्याला हात लावू नका," बाई म्हणाल्या. "तुमचे हात मला आता माहीत झालेत."

त्यामुळे तो ढीग तिथंच राहिला. पिकअपवाल्याला मी नंतर फोन केला नाही, आणि तोही आपल्या 'बुकरा'शी प्रामाणिक राहिला.

त्या हिवाळ्यात आम्ही दर शुक्रवारी हात पाठीमागे बांधून शेतावर फिरायचो, परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरांसारखे. पाऊस झाला. रौद्यात घोट्याएवढं पाणी साठलं, जिरलं, आणि पंधरवड्यात तिथं हिरवी लव उठली. बारीक पिवळी फुलं आली, ज्यांना कुणी लावलं नव्हतं. चंडोल आले. डोक्यावर तुरा घेऊन एक हुदहुद दर शुक्रवारी दिसू लागला आणि चोचीनं जमीन टोचत सासूबाईंच्या पुढ्यात ऐटीत फिरू लागला. सासूबाई त्याला जावईबापू म्हणत आणि त्याच्यापुढे पदर सावरून बसत. नवऱ्यानं एक दिवस खाली वाकून पाचोळ्यातला मुंगळा मला दाखवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पगारवाढीचा आनंद होता.

सगळे आले. ससा आला नाही.

बाबा खुर्चीवरून उठायचे, काठी टेकत एक फेरी मारायचे, परत येऊन कहवा ओतायचे. हवा तापू लागली. बाबांच्या मोठ्या मुलाचा फोन आला की महिनाअखेरीला येतो, तंबूवाल्यालाही मापं घ्यायची आहेत.

मी काय केलं असेल? मी सूक वाकिफला गेले. मसाल्यांच्या पलीकडे पाळीव प्राण्यांची दुकानं आहेत. पोपट, कासवं, मांजरी, आणि ससे! नवऱ्याला ओढत पिंजऱ्यासमोर नेलं.

"अहो, एकच घेऊ. रात्री फक्त कुंपणाखालून आत सरकवायचा. आपल्या पायांनी आत जाईल, म्हणजे अटही पाळल्यासारखी."

नवऱ्यानं पिंजऱ्यात पाहिलं. आत एक गुबगुबीत, लाल डोळ्यांचा, कापसासारखा पांढराशुभ्र ससा गाजर खात होता.

"अगं, हा वाळवंटात सोडलास तर विमानातून दिसेल."

"मातीत लोळवू थोडा."

"गेरू लाव की," नवरा म्हणाला, आणि मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

पुढच्या शुक्रवारी न राहवून मी ही माझी योजना बाबांना सांगितली. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. लेक दूर आहे ना, ते पाहिलं, आणि माझ्याकडे झुकून म्हणाले, "मैं भी गया था, बिन्ती. दुकानवाला बोला, ब्राउन कलर खलास."

बिन्ती म्हणजे अरबीत 'माझ्या पोरी'. आम्ही दोन भामटे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग कहवा प्यायलो.

तो दिवस उजाडला. बाबांनी नातवंडांना आणलं होतं. सासूबाई साखरपुड्याला निघाल्यासारखं रेशमी लुगडं नेसून आल्या होत्या. मुलगा आला. उंच, शांत, सुरकुतीही नसलेला पांढराशुभ्र पायघोळ झगा, आणि अत्तराचा वास त्याच्या दोन पावलं पुढे. बरोबर टेप घेतलेला तंबूवाला.

मुलगा मनापासून फिरला, हे मी कबूल करते. बहिणीला प्रश्न विचारले. हुदहुदाचा फोटो काढला. बोरीच्या बुंध्यावरचा फिकट झालेला गेरू पाहून भुवया उंचावल्या. मग वडिलांपुढे येऊन बसला आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांचं बोलणं अरबीत झालं, बाईंनी आम्हाला नंतर सांगितलं. "बाबा, फार सुंदर झालंय. पाखरं आलीत. पण आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," बाबा म्हणाले. त्यांनी घासाघीस केली नाही. थोड्या वेळानं फक्त तंबूवाल्याला हाक मारून त्याला हिंदीत सांगितलं, "ये झाड़ का पास तंबू मत लगाना. इसका जड़ पुराना है."

मास्तरीणबाई चष्मा पुसू लागल्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

आम्ही सगळे फाटकाकडे निघालो, आणि येताना गाडीतून थेट आत गेलेला मुलगा तिथं थबकला.

"हे काय आहे?"

आठ-दहा पावलं लांब, उन्हापावसानं काळपट पडलेला, मधूनमधून गवत उगवलेला आमचा दिवाळीचा ढीग. सगळ्यांच्या नजरा सासूबाईंकडे वळल्या. सासूबाईंनी आकाशाकडे पाहिलं.

"पाहुणे इथूनच येणार," मुलगा म्हणाला. "दारात एवढा कचरा? आधी हा हलवा."

आणि वाचकहो, त्याच घटकेला, शपथेवर सांगते, माझ्या मुलीची शपथ, ही रिअल व्हर्जन आहे, रस्त्यावरून एक जुनी पिकअप खडखडत आली आणि फाटकाशी थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "मॅडम, आपने बुलाया था ना? कचरा?"

त्याचा बुकरा उगवला होता.

मुलगा खूश झाला. "यल्ला!" म्हणत, म्हणजे 'चला, लवकर', त्यानं हात केला. ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार उतरले आणि झावळ्या ओढू लागले. पहिली गाडीत गेली. दुसरी गेली. तिसरी ओढली तशी खालच्या सगळ्या फांद्या सळसळल्या, आणि ढिगाच्या पोटातून मातकट रंगाचं, लांब कानांचं काहीतरी सुटलं! सरळ मुलाच्या दोन पायांमधून! पांढरा झगा पतंगासारखा फुगला. ससा उजवीकडे वळला, डावीकडे वळला, चंद्रकोरीचा एक बांध उडी मारून ओलांडला आणि रौद्याच्या गवतात दिसेनासा झाला.

"ग्रँडपा! ग्रँडपा, इट्स ट्रू!" नातवंडं किंचाळली आणि त्याच्यामागं पळत सुटली.

बाबांनी काठी वर उचलली. एक पाऊल धावायचं म्हणून पुढं टाकलं, तिथंच थांबले, आणि पोरांच्या दिशेनं ओरडले, "नहीं मिलेगा! कभी नहीं मिलेगा!" त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड कानांपर्यंत फाकलं होतं. सासूबाई मला म्हणाल्या, "बग, आला का न्हाई नवरा?" मी काही बोलू शकले नाही. माझ्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

पिकअपवाल्यांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना कचरा सांगितला होता, ते कचरा भरत होते. त्यांनी चौथी झावळी उचलली. खाली, वाळक्या पानांच्या खळग्यात, दोन पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. मुठीएवढी, केसाळ, टक्क उघड्या डोळ्यांची. डोक्यावर अचानक ऊन आल्यामुळे त्यांनी कान पाठीवर चपटे केले होते.

ती आधी मुलाला दिसली. तो पुतळ्यासारखा उभा राहिला. ड्रायव्हरनं पाचव्या झावळीला हात घातला मात्र, तसा तो उंच, शांत, अत्तराच्या वासाचा माणूस त्या पांढऱ्याशुभ्र झग्यासकट धुळीत गुडघ्यांवर कोसळला. डोक्यावरचं वस्त्र एका कानावर आलं. दोन्ही हात त्यानं त्या काटेरी ढिगावर कोंबडीनं पंख पसरावेत तसे पसरले, आणि तंबूवाला, बहीण, बाप, पोरं आणि आम्ही सगळे ऐकत असताना जिवाच्या आकांतानं ओरडला:

"कचरा वापस! यल्ला, यल्ला, कचरा वापस!"